नवीन ऑक्टाव्हिया व्हीआरएसचं तोंड आवडलं नाही म्हणतोस, पण मला काळजी दुसऱ्याच गोष्टीची आहे

तुझा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा की, लहानपणी आळीतल्या डॉक्टरसाहेबांची २००४ ची काळी स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस, म्हणजे ऑक्टाव्हियाचीच जास्त ताकदीची आवृत्ती, बघून तुला गाड्यांचं वेड लागलं, दोन वर्षांपूर्वी पै पै साठवून २०१७ ची व्हीआरएस २३० (२३० हॉर्सपावरची) सेकंडहँड घेतलीस, आणि आता ऑक्टोबर २०२५ ला आलेली नवीन व्हीआरएस पुण्यात बघून आलास तर पोटात गोळा आला. डोळे बारीक केलेत, आत सगळा टॅबलेट लावलाय, गिअरचा दांडा गायब, १९ इंची व्हील म्हणजे टायर नुसती रबराची पट्टी, सात गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) म्हणजे घाटात जळणार, आणि पुढची तर बॅटरीवरच येणार. "काका, ही आपली गाडी राहिली का?" असं शेवटी विचारलंयस.

मी साताऱ्यात गॅरेज चालवतो, आधी पुण्यात कंपनीच्या वर्कशॉपला होतो, सगळं मिळून तीस वर्षं होतील. जर्मन आणि झेक गाड्या हाताखालून भरपूर गेल्यात. तुझी काळजी खरी आहे आणि ती मला समजते, कारण गाडीवर जीव असल्याशिवाय माणूस एवढं लिहीत नाही. पण तू ज्या क्रमाने काळजी करतोयस तो क्रम मला पटत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी तोंडाचं बोलू. तुझी जी २०१७ ची गाडी आहे, जिचं तोंड तुला जगातलं सगळ्यात देखणं वाटतं, ते तोंड आलं तेव्हा लोकांनी काय काय बोललं होतं ते तुला माहीत नसेल, तू तेव्हा शाळेत असशील. २०१३ ची ऑक्टाव्हिया सरळ एका हेडलाईटची होती, स्वच्छ चेहरा. २०१७ च्या फेसलिफ्टला त्यांनी हेडलाईट मधोमध चिरून दोन केले, चार डोळ्यांची गाडी झाली. माझ्याकडे येणारे जुने ऑक्टाव्हियावाले, ज्यांनी पहिल्या मॉडेलपासून हीच गाडी वापरली, ते दुकानात बसून सांगायचे की गाडी खराब करून ठेवली, जुन्या ई क्लासची नक्कल केली. त्यातल्या एकाने तर रागाने २०१६ चीच शेवटच्या स्टॉकमधली शोधून आणली. आणि आज तू त्याच चार डोळ्यांसाठी रडतोयस. तुला नावं ठेवायला हे सांगत नाही. डोळ्याला सवय लागायला वर्ष दीड वर्ष पुरतं, आणि एकदा का त्या तोंडाच्या गाडीत बसून तू आईला दवाखान्यात नेलंस, मित्रांना घेऊन कासला गेलास, की ते तोंड आपोआप आपलं होतं, एवढंच म्हणायचंय.

हे फक्त स्कोडाचं नाही. पोर्शे ९११ घे. १९६३ ला दाखवली तेव्हापासून १९९८ पर्यंत हवेवर थंड होणारं इंजिन, गोल डोळे, सगळं ठरलेलं. १९९७ ला ९९६ नावाची पुढची पिढी आली तिच्यात पाण्याचं कूलिंग आलं आणि डोळे बदलले, स्वस्तातल्या बॉक्स्टरसारखेच लावले. लोक म्हणाले ही तळलेली अंडी काय लावलीत. सात वर्षं शिव्या खाल्ल्या आणि २००४ च्या ९९७ ला पोर्शेने गोल डोळे परत आणले. पण गंमत बघ, सगळं जग डोळ्यांवर बोट ठेवून भांडत होतं तेव्हा खरं दुखणं इंजिनच्या आत बसलेलं होतं. मधल्या शाफ्टचं एक बेअरिंग होतं, आयएमएस म्हणतात त्याला, ते गेलं की अख्खं इंजिन जायचं, अमेरिकेत त्यावर कोर्टात दावे झाले. आणि ९११ च्याच ज्या टर्बो आणि जीटी३ मॉडेलमध्ये वेगळ्या घराण्याचं इंजिन होतं त्यांना ते दुखणंच नव्हतं, डोळे जवळपास तसेच असून. म्हणजे डोळ्यावरून गाडी ओळखणारा फसला आणि खाली वाकून बघणारा वाचला.

बीएमडब्ल्यू एम३ चं पण तेच. १९८६ ची पहिली चार सिलिंडरची, १९९२ ला सहा झाले तर जुने लोक म्हणाले जड झाली, २००७ ला व्ही८ आलं तर म्हणाले हे कसलं एम३, २०१४ ला टर्बो लागला तर म्हणाले आवाज मेला, २०२० ला ती मोठी उभी ग्रिल आली तेव्हा तर विचारूच नकोस. आणि दर वेळी ज्या गाडीला आधी शिव्या दिल्या होत्या तीच दहा वर्षांनी "खरी एम३" होते.

आता तुझ्याच गाडीच्या नावाकडे ये. आरएस ही अक्षरं स्कोडाने सत्तरच्या दशकात रॅलीच्या गाड्यांना लावली. १३० आरएस नावाची छोटी गाडी होती, १३०० सीसीची, १९७७ ला मॉन्टे कार्लो रॅलीत ती तिच्या क्लासात, म्हणजे तिच्या इंजिनाच्या गटात, पहिली आली. तिचं इंजिन कुठे होतं माहितीये? मागे. डिकीच्या जागी. चाकं पण मागची फिरायची. तुझ्या गाडीशी तिचं एक बोल्ट जुळणार नाही. तरी तू तुझ्या गाडीच्या मागचा तो बिल्ला रविवारी फडक्याने पुसतोस ना? मग या नावात टिकलं काय आणि बदललं काय हा प्रश्न तोंडाच्या खूप पलीकडचा आहे.

माझ्या मते ऑक्टाव्हिया व्हीआरएस म्हणजे चार गोष्टी. एक, घरच्या चार माणसांना मागे नीट बसता आलं पाहिजे. दोन, मागचा अख्खा दरवाजा काचेसकट वर उघडला पाहिजे आणि आत पोती राहिली पाहिजेत, तुझ्या गाडीची डिकी ५९० लिटरची आहे, नवीनची ६०० ची. तीन, पसरणीचा घाट चढताना तिसऱ्या गिअरला दाबली की पोटात हललं पाहिजे. आणि चार, साताऱ्या-सांगलीतल्या एखाद्या डॉक्टरला, एखाद्या द्राक्षबागायतदाराला, कर्ज काढून का होईना, घेता आली पाहिजे. या चारात नवीन गाडी पहिल्या तीनला पैकीच्या पैकी मार्क घेते. चौथ्याला नापास. माझी काळजी ती आहे, पण त्यावर नंतर येतो, आधी तुझे बाकीचे मुद्दे संपवू.

टायर. तू १९ आकडा वाचून घाबरलास. १९ हा रिमचा आकडा आहे, रबराचा नाही. रबर किती आहे ते मधल्या आकड्यात असतं, आणि तो टक्का असतो रुंदीचा. तुझ्या गाडीवर तूच लिहिलंयस त्याप्रमाणे २२५/४५ आर १७ आहे. म्हणजे २२५ मिलिमीटरचे ४५ टक्के, १०१ मिलिमीटर भिंत. नवीनला २२५/४० आर १९ आहे, २२५ चे ४० टक्के, ९० मिलिमीटर. फरक अकरा मिलिमीटर. करंगळीच्या जाडीएवढा. परवा गॅरेजमध्ये एका पोराला मी दोन टायर शेजारी उभे करून खडूने रेघ मारून दाखवलं तेव्हा त्याचा विश्वास बसला. उलट नवीन चाक एकूण उंचीने जवळजवळ तीन सेंटिमीटर मोठं आहे, ६३४ च्या जागी ६६३ मिलिमीटर, आणि मोठं चाक खड्ड्याच्या कडेवरून जरा सोपं जातं.  हां, पण अकरा मिलिमीटर काहीच नाही असंही मी म्हणत नाही, कारण पावसाळ्यानंतर हायवेच्या सर्व्हिस रोडला जे खड्डे पडतात त्यात रिम वाकायचं की टायर दबून वाचायचं हे कधीकधी तेवढ्यावरच ठरतं. हवेचं प्रेशर दोन पॉइंट कमी असलं तर मात्र १०१ पण वाचवत नाही, हे तुला आत्ताच्या गाडीलाच सांगतो. दर पंधरा दिवसाला, थंड टायरला, हवा बघायची.

गिअरबॉक्स. इथे तू ऐकीव माहितीवर घाबरलायस आणि इथे मला थोडं खोलात जायचंय कारण हा माझा आवडता विषय आहे. सात गिअरचा डीएसजी म्हणजे वाईट आणि सहाचा म्हणजे चांगला असं जे आपल्याकडे पसरलंय ते आकड्यावरून पसरलंय. खरं कारण आकडा नाही, क्लच कोरडा की तेलात बुडालेला हे आहे. आपल्याकडे साध्या १.८ टीएसआय ऑक्टाव्हियाला जो सात गिअरचा बॉक्स यायचा तो कोरड्या क्लचचा, २५० न्यूटन मीटर टॉर्कपर्यंतचा, टॉर्क म्हणजे इंजिनाचा पिळायचा जोर. खंबाटकीला ट्रॅफिक जॅममध्ये ट्रकच्या मागे चढावर एक एक फूट सरकत राहिलं की त्याचा क्लच अर्धवट धरून घासत राहतो, उष्णता जायला जागा नाही, मग वास येतो. तुझ्या व्हीआरएसला टॉर्क ३५० चा, म्हणून तिला सहा गिअरचा ओल्या क्लचचा बॉक्स दिला, प्लेटा तेलात फिरतात, तेल उष्णता घेऊन जातं. आता नवीन व्हीआरएसचा टॉर्क ३७०, ताकद २६५ हॉर्सपावर, आणि तिचा सात गिअरचा बॉक्स पण ओल्या क्लचचाच आहे. फक्त एक गिअर जास्त. ते सात वेगळे आणि हे सात वेगळे.

मागच्या महिन्यात तुझ्यासारखीच एक २३० लिफ्टवर होती, साठ हजाराला तेल बदलायला. तुला सांगतो ते काम कसं होतं म्हणजे तुला तुझ्या गाडीची किंमत कळेल. बॅटरीचा ट्रे आणि एअर फिल्टरचा डबा काढला की वरून २४ चा सॉकेट लागेल असं एक काळं झाकण दिसतं, त्याच्या आत फिल्टर. खालचा प्लग काढला की जुनं तेल येतं, ते मी बोटांवर घेऊन चोळून बघतो, बारीक राखाडी चिकटपणा असतो तो चालतो, तो क्लचच्या प्लेटांचा असतो, पण कण लागला, चमचम दिसली, तर थांबायचं. मग नवीन तेल वरून ओतत नाहीत, खालच्याच भोकातून पाईप लावून वर चढवतात, गाडी चालू करून कॉम्प्युटरवर तेलाचं तापमान बघत बसायचं, ३५ ते ४५ डिग्रीच्या मध्ये असताना जास्तीचं तेल नळीतून थेंब थेंब गळायला लागलं की पातळी बरोबर. धार लागली तर जास्त, काहीच नाही आलं तर कमी. ती थेंबांची वेळ चुकली तर पुढचे साठ हजार किलोमीटर चूक घेऊन फिरायचं. तू गाडी घेतल्यावर हे काम कुणी, कधी केलंय याची पावती तुझ्याकडे आहे का? तू लिहिलेल्या तीन पानात हा उल्लेख कुठेच नाही, आणि हेडलाईटवर मात्र अर्धं पान आहे. रागावू नकोस, पण हे मला खटकलं.

दांड्याचं पण सांगतो. नवीन गाडीत छोटा खटका आहे, दांडा नाही, म्हणून गाडीशी असलेलं नातं तुटलं असं तू लिहिलंस. तुझ्या २३० मधला दांडा तरी कशाला जोडलाय? त्याच्या खालून जी केबल जाते ती पार्कचं लॉक लावायला, बाकी डी का एस का रिव्हर्स हे सगळं तो सेन्सरने वीज पाठवूनच सांगतो. नातं तुटलं ते आधीच तुटलंय. खरा दांडा, ज्याला रॉड आणि केबल आणि गिअरचा खडखडाट होता, तो डॉक्टरसाहेबांच्या २००४ च्या गाडीला होता, पाच गिअरचा, १५० हॉर्सपावर, आणि शेवटचा २०११ च्या लॉरा व्हीआरएसला, सहा गिअर. लॉरा म्हणजे दुसरी ऑक्टाव्हियाच, आपल्याकडे नाव बदलून आली होती. त्या दांड्याचं मला पण दुःख आहे, मनापासून आहे. अजूनही एखादी २००४ ची आली की काम झाल्यावर ट्रायलला मीच घेऊन जातो, पोरांना देत नाही. तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकताना तळहाताला जे कळतं ते स्टिअरिंगमागच्या पॅडलवर बोटाला नाही कळत. पण त्याचा राग २०२५ च्या गाडीवर काढू नकोस.

आता स्क्रीन. इथे तू शंभर टक्के बरोबर आहेस आणि इथे तुझ्यासारख्या लोकांनी ओरडलंच पाहिजे. माझी एक साधी परीक्षा आहे, कुठलीही नवीन गाडी घ्यायला कुणी मला बरोबर नेलं की मी हीच करायला लावतो. गाडी उभी असताना सीटवर बस, डोळे मीट, आणि काचेवरचं धुकं घालवायचं बटण लाव, मग एसी दोन डिग्री वाढव, मग आवाज कमी कर, मग हॅझर्ड. डोळे न उघडता. तुझ्या २३० मध्ये हे चारही होतं, गोल नॉबला हात बरोबर जातो. नवीनमध्ये काचेचं आणि हॅझर्डचं होतं, स्क्रीनखाली बटणांची एक पट्टी ठेवलीय तिच्यात ते आहेत, पण तापमानाला स्क्रीनकडे बघावंच लागतं. आता जुलैत यवतेश्वरच्या घाटाने वर चाललायस असं समज, समोर दहा फुटावर काही दिसत नाही, आतून काच धरायला लागलीय, तिथे नजर एक सेकंद खाली गेली तर काय होतं हे मी तुला सांगायला नको. किंवा हंगामात रात्री उंब्रजच्या पुढे, समोर उसाची डबल ट्रॉली, मागे ना लाईट ना रिफ्लेक्टर. स्क्रीनवर बोट शोधायची वेळ नसते ती.

आणि ओरडण्याचा उपयोग होतो हे पण सांगतो. गोल्फ जीटीआय म्हणजे आपल्या व्हीआरएसची सख्खी बहीण, इंजिनाचं घराणं एकच. आठव्या पिढीत फोक्सवॅगनने तिच्या स्टिअरिंगवरची बटणं काढून स्पर्शाच्या पट्ट्या केल्या होत्या, वळणावर हात फिरवताना तळव्याचा धक्का लागला तरी काहीतरी चालू व्हायचं. लोकांनी एवढं धरून लावलं की २०२४ च्या फेसलिफ्टला खरी दाबायची बटणं परत आली, आणि २०२५ ला आपल्याकडे आलेली जीटीआय ती परत बटणं आलेलीच आहे. स्कोडाच्या नव्या कोडियाकमध्ये डॅशबोर्डवर गोल फिरवायचे नॉब आहेत. युरोपात गाड्यांची सुरक्षा तपासून मार्क देणाऱ्या एनकॅपने पण २०२६ पासून ठरवलंय की इंडिकेटर, हॅझर्ड, हॉर्न, वायपर अशा कामांना खरे खटके-बटणं नसतील तर पूर्ण मार्क नाहीत. हे का झालं? लोकांनी "गाडी खराब केली" एवढंच म्हटलं असतं तर कंपनीला काय समजलं असतं? लोकांनी नेमकं बोट ठेवलं, अमुक बटण, अमुक वेळी, असा त्रास. मर्सिडीजच्या सी६३ चं पण बघ, २०२२ ला व्ही८ काढून दोन लिटरचं चार सिलिंडर आणि बॅटरी दिली, कागदावर ६८० हॉर्सपावर, वजन दोन टनाच्या वर, आणि ज्यांनी आयुष्यभर ती गाडी घेतली त्यांनी ती घेतली नाही. तिथे लोक तोंडावर नाही रागावले. तोंड तर जवळपास तेच होतं.

तर आता माझी काळजी, जी मी मघाशी बाजूला ठेवली.

तुझी २३० आली तेव्हा एक्स-शोरूम साडेचोवीस लाखाच्या आसपास होती. २०२० ला २४५ आली, ३५.९९ लाख, देशासाठी फक्त दोनशे गाड्या, तयार आयात. २०२५ ला ही, ४९.९९ लाख, आणि फक्त शंभर. शंभरच्या शंभर गेल्या. अख्ख्या भारताला शंभर, म्हणजे एमएच-११ ला एक जरी आली तरी ती कुठल्या तरी बंद शेडमध्ये कव्हर घालून उभी राहणार. तू गाडीवेडा झालास कारण डॉक्टरसाहेब रोज सकाळी ती काळी गाडी घेऊन दवाखान्यात जायचे आणि तू दप्तर घेऊन कडेला उभा राहून आवाज ऐकायचास. आता तुझ्यासारखा दहा वर्षांचा पोरगा पोवई नाक्यावर उभा राहिला तर त्याला कुठली व्हीआरएस दिसणार? मला हे खरंच लागतं. तेज गाड्या भरपूर आहेत जगात, पण मास्तर, डॉक्टर, छोटा कारखानदार यांची तेज गाडी ही एकच होती, आणि ती डिझाइनने नाही गेली, किमतीने आणि आकड्याने गेली.

दुसरी काळजी माझ्या धंद्यातली. शंभर गाड्यांसाठी कोण हेडलाईट आणि बंपर साताऱ्यात नाही, पुण्यात तरी स्टॉक करून ठेवणार? आणि बंपर म्हणजे आता नुसतं प्लास्टिक राहिलेलं नाही. हल्लीच्या गाड्यांच्या पुढच्या बंपरमागे रडार असतं, काचेमागे कॅमेरा. माझ्याकडे एक गाडी आली होती, कुठली ते राहू दे, मालकाची तक्रार अशी की क्रूझ कंट्रोल, म्हणजे आपोआप वेग धरणारी यंत्रणा, मध्येच बंद पडतं, समोर काही नसताना वॉर्निंग येते. दोन दिवस वायरिंग तपासलं. शेवटी बंपरवर बोटाने टकटक केली तर मधल्या भागाचा आवाज जाड आला. कुठेतरी ठोकल्यावर बाहेर पुट्टी भरून वरून तीन चार हात रंग मारला होता, दिसायला एक नंबर, पण रडारला त्या पुट्टीच्या पलीकडचं नीट दिसेना. बंपर बदलला, कॅलिब्रेशन केलं, तक्रार संपली. तेव्हा नवीन गाडीचं तोंड देखणं की नाही यापेक्षा ते तोंड स्कूटरवाल्याने घासल्यावर आपल्याकडे नीट करता येईल की नाही हे मी आधी बघतो, आणि त्याचं उत्तर मला आज तरी चांगलं दिसत नाही.

बॅटरीचं विचारलंयस. येईल, यात शंका नाही. सप्टेंबर २०२५ ला म्युनिकच्या शोमध्ये त्यांनी व्हिजन ओ नावाची इलेक्ट्रिक कॉन्सेप्ट, म्हणजे नमुन्याची गाडी, दाखवली, ऑक्टाव्हियासारखीच लांब डिकीची. आरएसचा बिल्ला तर एन्याकला, एलरॉकला लागून पण झाला. पळायला त्या कमी नाहीत, उलट सिग्नलवरून तुझ्या गाडीच्या पुढेच जातील. माझी शंका वजनाची आहे, पसरणी उतरताना दोन टनाची गाडी वळणात कशी वागते ते मी स्वतः चालवल्याशिवाय बोलणार नाही.

आता तू काय कर. नवीन घ्यायचा प्रश्नच नाही, गाड्या संपल्यात, त्यामुळे तो त्रास डोक्यातून काढ. चालवून बघायचीच असेल तर पुण्यात जाऊन गोल्फ जीटीआय चालव, इंजिनाचा स्वभाव कळेल, आणि डोळे मिटायची परीक्षा तिथे करून बघ. परत आलास की तुझ्या गाडीत बस आणि तीच परीक्षा कर. मग जे वाटेल ते लिहून कंपनीला पाठव, पण तोंडावर एक ओळ आणि बटणांवर दहा ओळी.

आणि तुझी २३० विकायचा विचार करू नकोस, कुणी चांगली किंमत दिली तरी. तिच्याकडे लक्ष दे. डीएसजीच्या तेलाची पावती शोध, नसेल तर ते पहिलं काम. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅटच्या हाउसिंगभोवती टॉर्च मारून बघ, वाळलेला गुलाबी-जांभळा डाग दिसला तर तो कुलंटचा, पाण्याची टाकी भरत बसू नकोस, सरळ घेऊन ये. पुढच्या दोन्ही लोअर आर्मचे बुश बघायचे राहिलेत असा माझा अंदाज आहे, कारण तू लिहिलंयस की ब्रेक मारताना स्टिअरिंगला एक ठक असा आवाज येतो, आणि तो ब्रेकचा नसतो. हेडलाईटची काच पिवळी पडायला लागली असेल तर पॉलिश करून वर फिल्म लावून घे, चारही डोळ्यांना, ते पण आता शोधून मिळायचे दिवस संपत आलेत.

सोमवारी गॅरेज बंद असतं. मंगळवारी सकाळी लवकर आण, गाडी रात्रभर उभी असलेली पाहिजे म्हणजे थंड स्टार्टला इंजिनातल्या चेनचा आवाज ऐकता येईल. आणि डॉक्टरसाहेबांची ती काळी गाडी आता कुणाकडे आहे याची जरा चौकशी कर. धूळ खात उभी असेल तर मला सांग, मी येतो बघायला.